सात नंबरचा उंबरा

ओळंब्याने सात नंबरच्या घराचा उंबरा विकून खाल्ला, अशी कुजबुज आमच्या वस्तीत बरेच दिवस चालली होती. दगडी उंबरा, तोही धर्माच्या कामातला! कुणी म्हणे दारूसाठी विकला, कुणी म्हणे दुसऱ्या बाईसाठी. ही दुसऱ्या बाईची कंडी मीच पिकवली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ओळंबा म्हणजे आमचा गवंडी. भिंत सरळ आहे का हे बघायला दोरीला बांधून जे वजन सोडतात, त्याचं नाव लोकांनी त्याला चिकटवलं. माणूसही तसाच, सरळ आणि मुका. प्रार्थनाघराची संस्था गोरगरिबांना घरं बांधून द्यायची, आणि त्या घरांच्या भिंती हा चौदा वर्षं उभ्या करत होता. स्वतः राहायचा पत्र्याच्या खोलीत. बायकोचे पाय गेलेले. खोलीचा उंबरा वीतभर उंच, म्हणून रोज सकाळी तो तिला चाकाच्या खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवायचा.

संस्थेचा नियम असा की घर बाईच्या नावावर, आणि त्यासाठी तिने बांधकामावर चारशे तास राबायचं. नवऱ्याचं काम त्यात धरत नसत. एकीचे तास दुसरीने भरले तर मात्र चालायचं. ओळंब्याची बायको खुर्चीत बसून वाळू चाळायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची.

"काय भाऊजी, आज कुणाच्या संसारात काडी टाकून आलात?" हे मला!

इमारतीत शेवटचं एकच घर उरलं, तळमजल्यावरचं सात नंबर. हिचे तास आठवड्यात भरणार होते. नेमकी शेजारीण बाळंत झाली. तिचेही तास थोडेच उरलेले, पण महिनाअखेर भरले नाहीत तर यादीतून नाव जाणार. ओळंब्याच्या बायकोने तो आठवडा तिच्या नावावर वाळू चाळली. सात नंबरची किल्ली शेजारणीला मिळाली.

ओळंब्याने थापी खाली टाकली. "अगं, वेड लागलंय का तुला?"

"तिच्या मांडीवर आठ दिवसांचं पोर आहे. मी काय, बसलेलीच आहे. पुढच्या इमारतीत घेऊ."

"तिचा पायासुद्धा खणलेला नाही!"

"मग खणा ना! माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

खणला त्याने. भिंती कमरेइतक्या झाल्या आणि बाई छातीच्या दुखण्याने चार दिवसांत गेली. खोलीतून तिला शेवटचं बाहेर काढताना लोक मदतीला सरसावले, तर हा म्हणाला, "राहू द्या, मला सवय आहे."

पावसात सात नंबरमध्ये पाणी शिरलं. शेजारीण संस्थेत जाऊन ओरडली, "सगळ्यांच्या दाराला उंबरा, आमच्याच नाही! दगड गेला कुठे?" तिथून कुजबुज सुटली. एके सकाळी ओळंब्याने मला हाक मारली. पत्र्याच्या खोलीत, रिकाम्या खुर्चीमागे, दगड भिंतीला टेकवलेला होता. एक टोक त्याने धरलं, एक मी. त्याने तो सात नंबरच्या दारात बसवला, पातळी दोनदा तपासली.

"बघा, चोरीचा माल परत आला," जिन्यावरून कुणीतरी म्हणालं.

मी विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं.

उंबरा त्याने विकला नव्हता. बायकोची खुर्ची आत जावी म्हणून बसवलाच नव्हता.