तेर्स संपल्यावर

तार आली तेव्हा मी रीटाच्या कपाळावर हात ठेवून तिचा ताप बघत होते. तिला ताप नव्हता. लेकीचं कपाळ दिवसातून तीनदा उगाच चाचपायची ही खोड मला पापांकडून आली आहे आणि ते गेल्याचं वाचतानाही माझा हात तिथंच होता. सावंतवाडीहून मालवणला जाताना एस.टी.त डोक्यात एकच गोष्ट घोळत होती... पंधरा दिवसांपूर्वी, शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारलेला प्रश्न.

पापा शिंपी होते. घराच्या पडवीत त्यांचं मशीन. गिऱ्हाइकाचं माप एकदा घेतलं की पुन्हा घ्यायला नको, असा हात. घरच्या माणसांबद्दल मात्र त्यांना कशाचीच खात्री नसे. मी वर्षाची असताना माझा गोवर उलटला. माझ्याआधीची दोन भावंडं गेलेली. पापांनी घरच्या आल्तारापुढे, येशूच्या तसबिरीसमोर, गुडघे टेकले आणि बोलून टाकलं, "ह्यां चेडू जगलां तर तुका दितंय." मी जगले. म्हणजे मोठी झाल्यावर मी कॉन्व्हेंटात जाऊन सिस्टर व्हायचं, हे ठरलं. बोललेला नवस चुकवू नये, चुकवला तर लेकरावर येतो, ही समजूत आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांचीच. त्यात देऊळ आणि चर्च असा भेद नाही.

मी वाढत गेले तसा पापांचा जीव टांगणीला लागला. मी पेरूच्या झाडावर चढणारी, शाळेत मारामाऱ्या करणारी. सिस्टर व्हायचं एकही लक्षण अंगात नव्हतं. मला ठेवून घ्यावं तर देव नेईल आणि बळजबरीनं पाठवावं तर पोर जन्मभर रडेल, अशा कात्रीत ते सापडले. शेवटी चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबांना विचारून आले. ते म्हणाले, प्रार्थना कर आणि ऐक. पापांनी हे अगदी शब्दशः घेतलं. त्या दिवसापासून संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपला की ते बोट वर करायचे. "आता गप रवा. देव काय सांगता तां आयकूया." मग पापा, माय आणि मी, तिघंही गुडघ्यांवर गप्प. आत चुलीवर पेज करपली तरी उठायचं नाही. एकदा माय वैतागली. "देवाक रोज इचारतास. चेडवाक कधी इचारल्यात?"

मी सोळा वर्षांची झाले आणि कॉन्व्हेंटातून पत्र आलं, जूनमध्ये मुलीला पाठवा. त्या संध्याकाळी ती शांतता मला सोसवेना. मी मोठ्यानं बोलून गेले, "माका जावचां नाय." मायनं तोंडावर हात ठेवला. देवाला बोलता यावं म्हणून राखलेल्या वेळात मी बोलले होते! पापा आल्ताराकडे बघून "आमेन" म्हणाले आणि उठले. कॉन्व्हेंटाला नकार गेला. पुन्हा घरात तो विषय निघाला नाही.

भीती मात्र गेली नाही. मला शिंक आली तरी ते मेणबत्ती घेऊन किनाऱ्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, निघायचे. पण स्वतःला काही झालं की हा माणूस खुलायचा, हे मोठं नवल. मशीनची सुई बोटातून आरपार गेली तेव्हा म्हणाले, "बरां झालां." पुढे डोळे अधू झाले, मशीन बंद पडलं, तेव्हाही "बरां झालां". आम्ही थट्टा करायचो. खरं तर मला रागच यायचा.

शेवटच्या भेटीत ते अंथरुणावर होते. माय पेज आणायला आत गेली तसा त्यांनी माझा हात चाचपडत शोधला.

"त्या सांजेक कोण बोललां गो? तू काय तो?"

इतकी वर्षं यांनी तो देवाचा शब्द मानला असेल तर... मला खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

"मीच बोललंय, पापा."

"माका ठावक होतां. चेडवाचो आवाज बापाशीक कळाचो नाय? तुझ्या तोंडान आयकूचां होतां, इतक्याच." मग म्हणाले, "मी तेवाच देवाक सांगलंय, काय तां माका कर, तेका हात लावू नको."

ती सुई, ते डोळे... मला सगळं तिथंच कळलं. एवढं भित्रं माणूस माझ्यासाठी देवासमोर उभं राहिलं होतं आणि मी त्याची थट्टा केली होती. हे लिहितानाही रडू येतं.

गेल्या आठवड्यात चर्चमध्ये त्यांच्यासाठी महिन्याची मिस झाली. संध्याकाळी घरी तेर्स संपला. बोट वर करायला कोणी नव्हतं, तरी माय, मी, रीटा तशाच गुडघ्यांवर राहिलो. पडवीत मशीनवर चादर टाकलेली होती. माझा हात सवयीनं रीटाच्या कपाळाकडे निघाला होता. ती कानाशी येऊन कुजबुजली, "आये, आता कोण बोलतलो?"

मी हात मागे घेतला.

"तू बोल गो," मी म्हटलं.