बंदूक काढली, पण हात तसाच राहिला

मंडळी, जुनी खेळणी जपणारे तुमच्यातले निम्मे लोक आज मला शिव्या घालणार, तरी सांगतो. शाळेपासून जपलेल्या माझ्या प्लॅस्टिकच्या हिरव्या सैनिकांपैकी एक मी आज सकाळी ब्लेडने कापला.

तो वाकून नेम धरलेला होता. बंदूक काढली, मळून लावायच्या पुट्टीची साडी नेसवली, कमरेला वेचलेला कापूस ठेवायची ओटी बांधली. शर्ट राहू दिला, कारण आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर शर्ट घालतातच.

मोठ्या ऐटीत ही वेचणारी बाई वावरात नेऊन कमलमावशींना दाखवली. त्या कित्येक वर्षं आमचा कापूस वेचतात.

त्यांनी ती उन्हात धरून पाहिली. "हे वेचून राह्यली का कोनाले मारून राह्यली? एका हातानं कोनी वेचते का भाऊ? दोन्ही हात चालले पाह्यजे."

खरंच की! बंदूक गेली, पण बोट अजून चापावरच होतं.

घरी येऊन दोन्ही हात कापले. गरम पाण्यात बुडवून वाकवताना जुनं प्लॅस्टिक कडकन मोडलं. आत तार घालून पुन्हा जोडलं. बोटं भाजली, पण सोडलं नाही.

संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो. त्यांनी ती हातात घेतली. स्वतःच्या शर्टाला चिकटलेला कापूस चिमटीने काढून तिच्या ओटीत भरला. "दिवसभर वेचून ओटी रिकामी कशी राहीन तिची?"

जुना सैनिक खराब केला म्हणणाऱ्यांनो, इतकी वर्षं तो माझ्या कपाटात नुसता नेम धरून उभा होता. आज त्याला पहिल्यांदा काम मिळालं.

अजून अकरा उभे आहेत. उद्यापासून एकेक घेतोय. सांगा, त्यांना कोणकोणत्या कामाला लावू?