होडीची विजार

पळसदेवला उजनीच्या पाण्याकडे जाणारा रस्ता साखरबाईच्या ओसरीवरूनच जातो. हिवाळा लागला की रोहित पक्षी येतात, त्यांच्यामागं माणसं येतात आणि होडीत बसण्याआधी याच ओसरीवर चहाला टेकतात. होडी साखरबाईच्या नवऱ्याची, भीमाची. ओसरीवरचं शिलाई मशीन तिचं स्वतःचं. लग्नाआधी बारामतीला सहा महिने शिकून आलेली, तेव्हापासून आजूबाजूच्या चार गावांची पोलकी तिच्याच हातची.

माणूस आला की तिची नजर आधी कपड्यावर जायची. भीमाला सगळे गोरे इंग्रजच वाटत.

"इंग्रज न्हाईत ते," ती म्हणायची. "डिसेंबराच्या थंडीत अर्धी चड्डी घालून गुडघं लाल करून घेतोय, तो इंग्रज. ह्यांच्या प्यांटीला बघा, खिशावर खिसं. सँडलीत मोजं. जर्मन असत्याल."

सून प्राची पाहुण्यांची नावं-गावं वहीत लिहून घेई. ती वही बघून हसत म्हणायची, "बरोबर हाय, आत्या."

जपानी बायका मनगटापासून कोपरापर्यंत वेगळ्या बाह्या चढवून येत. हातमोजे, मानेवर पडदा सोडलेली टोपी. ऊन लागायला बोटभर जागा सापडायची नाही. फ्रेंच माणसाच्या सदऱ्याला इस्त्री नसे, पण गळ्यातला रुमाल मात्र बघत राहावा असा बांधलेला. आपल्याकडचे लोक लग्नाला निघाल्यागत नटून यायचे. पिवळाधमक शर्ट, जरीची ओढणी. होडी जवळ जाण्याआधीच पक्षी उठायचे आणि हे भीमावर चिडायचे. एकदा फाटक्या गुडघ्यांची प्यांट आणि दंडावर गोंदण पाहून साखरबाईनं एका पोरीला अमेरिकेची ठरवलं. पोरगी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "काकू, मी सांगलीची." त्या दिवशी साखरबाई इतकी हसली की तिला सुईत दोरा ओवता येईना.

प्राची बारामतीच्या कॉलेजात शिकलेली. नवरा मल्हार भवानीनगरच्या कारखान्यात कामाला. दोन हिवाळ्यांत तिनं पुस्तक घेऊन पाण्यावरचा एकेक पक्षी ओळखायला शिकून घेतलं. भीमाला वल्हं मारता येई, पण पाहुण्यांनी काही विचारलं की तो नुसती मान हलवायचा. म्हणून साखरबाईनंच ठरवलं, प्राचीनं होडीत जायचं.

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. होडीत चढताना साडीचा काठ प्राचीच्या पायाखाली आला आणि ती पाहुण्यांदेखत गाळात पालथी पडली. पुस्तक भिजलं. घरी येऊन ती म्हणाली, "मला न्हाय जमायचं, आत्या. मी आपली वही लिहीत बसते."

साखरबाईच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. प्राचीच्या मागोमाग त्या होडीत एक जर्मन बाई चढली होती, बार्बरा नावाची. सत्तरीची, पांढऱ्या केसांची. तिनं होडीच्या कडेवरून पाय उचलला आणि उंबरा ओलांडावा तशी ती आत गेली. चोविशीची पोर पडते आणि सत्तरीची म्हातारी चढते, म्हणजे दोष पोरीच्या पायात नव्हता.

होडी परत आली तेव्हा बार्बराबाईची विजार पोटरीवर फाटली होती. उतरताना होडीचा खिळा लागला होता. साखरबाईनं तिला आत नेलं, आपलं धुतलेलं लुगडं कमरेला गुंडाळायला दिलं आणि विजार मशीनवर घेतली. ठिगळ दहा मिनिटांचं काम. पण साखरबाईनं विजार उलटी केली, आणि दोन पायांच्या मध्ये, आसनाच्या जागी, शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला तिला दिसला. तिनं तो बोटांनी ताणून पाहिला. पाय कितीही फाकला तरी शिवणीवर ताण येणार नव्हता.

"प्राची, ह्यांला इचार, ह्या कापडाचं माप घिऊ का?"

प्राचीनं इंग्रजीत विचारलं. लुगड्यात गुंडाळलेली बार्बराबाई उठली आणि स्वतःच टेपचं एक टोक धरून उभी राहिली.

चार दिवसांत साखरबाईनं विजार शिवली. गाळाच्या रंगाचं जाड सुती कापड, घोट्याशी नाडी, वरून गुडघ्यापर्यंतचा सैल सदरा. प्राचीनं घालून पाहिली, पाटावर चढली, उतरली, उकिडवी बसली. मग आरशासमोर जाऊन थांबली.

"गाव काय म्हणंल?"

"गावाला मी बघते."

गावातर्फे रामहरी आबा आले. भीमाचे चुलते, घरातलं थोरलं माणूस. साखरबाईनं डोईवर पदर घेतला आणि मशीनवरून उठली.

"सुनंला प्यांट घालून होडीवर धाडतीयास म्हणं?"

"व्हय, आबा."

"आपल्यात चालतं का हे?"

"साडीत परवा पडली, तवा गुडघ्यापतोर पाय दिसला साऱ्यांला. ह्यात घोटा बी दिसत न्हाय. तुमीच सांगा, चांगलं कंचं?"

आबांनी प्राचीकडं बघितलं, मग जमिनीकडं. "पवायला येतं का तिला?" त्यांनी विचारलं.

"येतं, आबा," प्राची म्हणाली.

"मग जाऊ दे," आबा म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले. राग होता की नव्हता, ते साखरबाईला कळलं नाही. तिनं कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी प्राची होडीच्या टोकाला उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसरा लांब पाण्याकडं. काठावरून साखरबाईला तिचे शब्द ऐकू येत नव्हते, पण होडीतली सगळी डोकी एकदम तिच्या बोटाच्या दिशेनं वळताना दिसली. साखरबाई तिथंच उभी राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नव्हता.

गेल्या वर्षी प्राचीनं वल्हंही हातात घेतलं. भीमाचा खांदा दुखायला लागला की आता तीच होडी नेते. मासे निवडणाऱ्या दोघी बायका विजारीचं माप देऊन गेल्या. मग भवानीनगरहून एक ऊसवाली आली. उसात शिरताना पातीनं पायांवर ओरखडे उठतात म्हणाली. साखरबाईनं तिच्यासाठी कापड आणखी जाड घेतलं आणि गुडघ्यावर दुहेरी थर दिला.

"मग तुमी का घालत न्हाय, काकी?" माप देता देता तिनं विचारलं.

"मला लुगड्यात जमतंय," साखरबाई म्हणाली. "जिला जमत न्हाय, तिच्यासाठी शिवते. पाय जरा लांब कर."