भिंत वाळेपर्यंत

धसईच्या पलीकडं, गावाबाहेरच्या एका वाडीत माझा जन्म झाला. वाडीखालची जमीन वाडीतल्या कुणाचीच नव्हती. शेतवाल्याचं मन फिरलं की तो निरोप पाठवायचा आणि माझा बाप झोपडी सोडवायला घ्यायचा. कुडाच्या भिंती उचलायच्या, छपराला आधार देणाऱ्या मेढी उपटून खांद्यावर घ्यायच्या आणि शे-दोनशे पावलांवर नेऊन परत रोवायच्या. मला कळायला लागल्यापासून आमचं घर तीनदा असं चालत गेलं. मेढीचं मागचं टोक माझ्या खांद्यावर असायचं.

शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढं भातसानगरला कालव्यावर पाटकरी म्हणून लागलो आणि म्हातारा होईपर्यंत तिथंच राहिलो. पाटकऱ्यानं रोज कालव्याच्या कडेनं चालायचं, कुठं गळतंय, कुठं झिरपतंय ते बघायचं, कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते सांभाळायचं. राहायला क्वार्टर मिळाली. पक्की होती, पण सरकारची. रिटायर झालो तेव्हा ती सोडायची वेळ आली आणि घरात बोलणं सुरू झालं.

बायको म्हणाली, वाडीवर चला, आपली माणसं आहेत. मुलगा कल्याणला असतो. तो म्हणाला, आटगावला स्टेशनजवळ बिल्डिंगी झाल्यात, लिफ्ट आहे, तिसरा मजला घेऊ. मी दोघांनाही नाही म्हटलं. मला जमिनीवरचं घर पाहिजे होतं आणि कुठलं ते माझ्या मनात ठरलेलं होतं.

शहापूरला कचेरीच्या कामाला गेलो की मी एका गल्लीतून सायकल हातात धरून जायचो. बारा-तेरा बैठी कौलारू घरं, प्रत्येकाला ओटा, गल्ली पुढं बंद असल्यामुळं गाड्यांची ये-जा नाही. माणसं चाळीस-चाळीस वर्षं तिथं राहिलेली. दुपारी कुणाच्या घरातल्या घड्याळाचे टोले रस्त्यावर ऐकू यायचे. त्या गल्लीतलं फणसाच्या झाडाचं घर विकायचं आहे हे मला एका दलालाकडून कळलं. घर एका रिटायर शाळामास्तरीणबाईंचं. त्यांचे यजमान वारलेले, बाई मुलीकडं पुण्याला निघालेल्या. पैशाचं एका बैठकीत ठरलं. ते इथं सांगत बसत नाही.

मग मी माझी अट सांगितली. म्हटलं, बाई, पावसाळा बघितल्याशिवाय मी घर घेणार नाय. तेव्हा आषाढ लागायचा होता.

दलाल हसायला लागला. "काका, घर घेताय का म्हैस? दूध काढून बघणार?"

मी म्हटलं, "म्हैस बाजारात परत नेता येते."

बाई हसल्या नाहीत. चष्म्यातून माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, कल्याणचं एक गिऱ्हाईक इसार घेऊन तयार आहे, तरी गणपतीपर्यंत तुमच्यासाठी थांबते. गणपतीनंतर एक दिवस नाही.

दर मंगळवारी मी भातसानगरहून एसटीनं शहापूरला यायचो. छत्री घेऊन गल्लीतलं गटार बघत चालायचो, घराला फेरी मारायचो, हाताच्या पंज्यानं भिंती चाचपायचो. गल्लीतल्या लोकांना वाटलं मी नगरपंचायतीचा माणूस. दुसऱ्या फेरीला एका आजीनं ओट्यावर बसवून आल्याचा चहा दिला आणि गटाराची सगळी तक्रार सांगितली. तिला म्हटलं, आजी, मी साहेब नाय, हे घर घेतोय. मग तिनं कुठले तुम्ही, म्हणून विचारलं. वाडीचं नाव सांगितलं. तालुक्यातल्या माणसाला वाडीचं नाव पुरतं, पुढचं विचारावं लागत नाही. आजी रिकामी कपबशी उचलून आत गेली. पुढच्या मंगळवारी चहा नव्हता. मी त्याच ओट्यासमोरून, तेवढ्याच सावकाश चाललो.

भर पावसात मागची भिंत बोलली. जोत्यापासून गुडघ्याएवढी ओल, चुना हाताला पिठासारखा लागत होता. कालव्यावर आम्ही एवढं शिकलेलो असतो की पाणी दिसतं तिथं ते शिरलेलं नसतं, वरच्या अंगाला बघायचं. वरच्या अंगाला शेजाऱ्यांचं घर होतं. शेजारी माझ्याच वयाचे, कोर्टात कारकून होते. मी भाताचं तूस पिशवीतून नेलं होतं. कालव्याला बारीक भोक पडलं की पाण्यावर तूस टाकायचं, ते जिकडं ओढलं जाईल तिकडं भोक. त्यांच्या मोरीच्या पाण्यात मूठभर टाकलं. तूस तरंगत आलं, कुंपणाखालून शिरलं आणि बाईंच्या भिंतीला गोल फिरून तिथंच बसलं.

मी तसाच त्यांच्या दारात गेलो आणि तुमचं पाणी या भिंतीत मुरतंय म्हणून सांगितलं. इथं माझी चूक झाली. कालव्यावर गळती सापडली की आहे तिथूनच हाक मारायची, उद्यावर ठेवायचं नाही. ही सवय घेऊन मी त्या गल्लीत बोललो.

कारकूनसाहेब पेपर घडी करत म्हणाले, "तीस वर्षांत कोणी बोललं नाही. तुम्ही अजून घरही घेतलं नाही आणि भांडायला आलात?"

बाईंना कळलं तशा त्या माझ्यावरच चिडल्या. ओल त्यांना सुरुवातीपासून माहीत होती. दर दिवाळीला त्या चुना मारून घ्यायच्या. म्हणाल्या, या गल्लीत आम्ही एकमेकांना असलं बोलत नाही, म्हणून गल्ली शांत आहे. मला इथून चांगल्या मनानं जायचंय. भांडण लावणार असाल तर कल्याणवाल्याला हो म्हणते.

दलालानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, काका, आता गप खरेदी करा, मग काय भांडायचं ते भांडा. त्याला बाजाराची रीत माहीत होती. मी म्हटलं, घेतल्यावर बोललो तर मी लबाड. आता बोललो तर नुसता खडूस. मला खडूस चालेल.

पण घर हातचं चाललं होतं, हे मला दिसत होतं. रात्रभर विचार करायची गरज पडली नाही, मला एकच काम येतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं फावडा आणि टिकाव घेऊन आलो. बायको बरोबर आली. बाईंना म्हटलं, तुमच्या हद्दीत चर खणतो, शेजाऱ्यांच्या कुंपणाला हात लावत नाय, त्यांना काही बोलत नाय. पंधरा दिवसांत भिंत वाळली तर घर मला द्या. नाय वाळली तर चर बुजवून जातो.

बाईंनी ओल्या भिंतीकडं एकदा बघितलं. मग म्हणाल्या, खणा.

पाऊस चालूच होता. डोक्यावर इरलं घेऊन मी वाकलो. गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. बायकोला ते लागलं. ती माती उचलता उचलता म्हणाली, "जलमभर लोकांच्या दारात खणलंत. घर घ्यायला आलो तरी हातात फावडाच काय वो?"

मी म्हटलं, "माझा फावडा हाय. कोणी दिलेला नाय. माती उचल गो."

ती घमेलं आपटत राहिली. खिडक्यांकडं मी मान वर करून बघितलं नाही. त्यांना एक मजूर दिसत होता आणि ते खोटंही नव्हतं.

दुपारी कारकूनसाहेब छत्री घेऊन कुंपणापाशी आले. चर बघून म्हणाले, उतार कमी पडतोय, पाणी मधेच तुंबेल.

"साहेब, कागदाचं तुमी बघा. उताराचं मला नका शिकवू."

ते गेले नाहीत. मी एक बादली पाणी वरच्या टोकाला ओतलं. ते कुठंही न थांबता भिंतीपासून हातभर लांबून गेलं आणि गल्लीच्या गटारात पडलं. त्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं आणि मग आत गेले. संध्याकाळपर्यंत मी चराच्या तळाला दगड बसवले आणि शेवटच्या एसटीनं परत गेलो. दोन दिवस कंबर सरळ होत नव्हती. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी गेलो. गणपतीला आठ दिवस राहिले होते. बाई मला घेऊन मागं गेल्या, भिंतीला हात टेकवला, मग हात उलटा करून बघितला. हाताला काही लागलं नव्हतं. जोत्याजवळ बोटभर डाग राहिला होता, तो मीच दाखवला. बाई म्हणाल्या, तो राहू दे. घरात जाऊन त्यांनी माझ्यासमोर दलालाला फोन लावला आणि कल्याणवाल्याला ‘नाही’ असं कळवायला सांगितलं.

खरेदीला दोन साक्षीदार लागतात. एक माझा मुलगा ठरवला होता. दुसरा गल्लीतला असावा असं बाईंना वाटत होतं. त्यांनी दोन घरी विचारलं. दोघांनाही नेमकं त्याच दिवशी काम निघालं. मी म्हटलं, बाई, राहू द्या, वाडीवरून माणूस आणतो.

त्या दिवशी रजिस्टर कचेरीत पोचलो तर बाकावर कारकूनसाहेब बसलेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला स्वतःचं पेन. दुसरी साक्ष माझी, एवढं सांगून त्यांनी दलालाच्या हातातून कागद घेतला आणि वाचायला लागले. चारी बाजूंच्या हद्दी जिथं लिहिलेल्या असतात तिथं थांबले. एका हद्दीला त्यांचंच नाव होतं.

"चर कुठाय यात?" त्यांनी विचारलं.

दलाल म्हणाला, "चर कोण लिहितं साहेब?"

"मी लिहायला सांगतोय. चर यांच्या हद्दीत आहे. उद्या मी नसेन आणि माझा मुलगा म्हणेल, बुजवा."

कागद परत टाईप करावा लागला. दीड तास गेला, दलाल घड्याळ बघत बसला. नवा कागद आला तेव्हा साहेबांनी पेन काढलं. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आधी मला वाचून दाखवा, सावकाश, चराचं दोनदा.

त्यांनी दोनदा वाचलं. मग मी सही केली.