उष्टं चालणारी देवी

उरलेसुरले दात काढले त्या आठवड्यात आई कुडपणहून महाडला माझ्याकडे राहायला आली होती. कवळी बसायला अवकाश होता. तोवर मऊ भात खायचा आणि तोंडाला पदर लावून मी शाळेतून कधी येते याची वाट बघायची, एवढंच तिला काम. गुरुवारी संध्याकाळी मी कागद घेऊन निघाले, तर ही चपला घालून दारात उभी.

"मी पन येते गो. भिंतींकडं बघून कटाळले."

खरं सांगायचं तर मला ती नको होती. त्या दिवशी वर्गात माझा निबंध होता.

आमचा वर्ग म्हणजे दहाबारा माणसं. संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे आम्ही दर गुरुवारी जमतो. पुरात सावित्री नदीचं पाणी खाली शिरतं म्हणून बाईंची पुस्तकं वरच्या मजल्यावर असतात आणि वर्गही तिथंच भरतो. तंत्रमार्गातल्या ज्ञानदेवता हा आमचा त्या वर्षीचा विषय. ज्यांच्या उपासनेनं बुद्धीत उजेड पडतो असं मानतात, त्या. एकेकानं एक देवता घ्यायची आणि तिच्यावर निबंध वाचायचा. माझ्या वाट्याला मातंगी आली होती. कांतीनं हिरवी, हातात वीणा, वाणीची स्वामिनी. तिला तंत्रातली सरस्वतीच म्हणतात.

आई मागं, जिन्याजवळ बसली. मी वाचत गेले. भाषा जड केली होती, मुद्दाम. शेवटी मुख्य गोष्टीवर आले: या देवीला सोवळं लागत नाही, उपास लागत नाही. नैवेद्य उष्टा चालतो, नव्हे, उष्टाच लागतो.

वाचून संपलं तसे एक निवृत्त अधिकारी घसा खाकरून म्हणाले, "हे मनाला पटत नाही. ज्ञानासारखी पवित्र गोष्ट, आणि तिच्या देवीला उष्टं? यात काहीतरी गूढार्थ असणार. तो तुम्ही सांगितला नाहीत."

त्यांचं बरोबर होतं. मी पुस्तकातला एक उतारा परत वाचला, मग दुसरा. माझे मलाच ते शब्द पोकळ वाटत होते. कान तापले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी बोलू का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. मला वाटलं, जिना उतरून निघून जावं.

"बोला ना ताई," बाई म्हणाल्या.

आईनं तोंडावरचा पदर काढला. दात नसल्यानं शब्द घसरत होते, पण ती थांबली नाही.

"ही माझी पोर. ल्हान होती तवा आमच्याकडं नाचणीची भाकर. हिला दात नाय, गिळता येत नाय. मी भाकर चावायची आन् हिच्या तोंडात घालायची. माझ्या आईनं मला तशीच घातली. तवा कोन बोललं नाय, उष्टं हाय म्हनून. त्याच्यावर ही वाढली. आता तुमच्यात बसून एवढं बोलते." मग त्या अधिकाऱ्यांकडे बघून म्हणाली, "साहेब, आईचं उष्टं खाल्ल्याबिगर कोनाला बोलता आलंय?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आईला हात जोडले. बाई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या निबंधात हेच नव्हतं बघ. आम्ही शिकवतो म्हणजे तरी काय करतो? आधी आपण चावतो, मग पोरांना देतो."

मी मान हलवली. शाळेत वीस वर्षं शिकवत असूनही मला हे सुचलं नव्हतं, आणि कधी शाळेत न गेलेल्या माझ्या आईनं ते एका दमात सांगितलं. छाती भरून आली. मघाशी हिला घरी ठेवायला निघाले होते, याची लाजही वाटली. मी उठून मागं गेले आणि तिच्याशेजारी खाली बसले. पुढचा सगळा वेळ तिथंच बसून राहिले.

वर्गाचा वार्षिक अंक निघतो, त्यासाठी मी निबंध नव्यानं लिहिला. जड शब्द काढले आणि आईचं बोलणं तिच्याच तोंडचं ठेवलं. अंक बघणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. "ते 'हाय', 'नाय' शुद्ध करून घेऊ का? वाचकांना बरं पडेल."

"नको," मी म्हणाले. "एक अक्षर बदललंत तर निबंध परत घेईन."

अंक हातात आला तशी पुढच्या रविवारी एसटीनं पोलादपूरला उतरले आणि तिथून जीपनं वर कुडपणला गेले. आई अंगणात वाल निवडत होती. मी अंक उघडून तिला तिचं बोलणं वाचून दाखवलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि एकही शब्द सुटू न देता ऐकलं.

"मी बोलले तसंच लिवलंस," ती म्हणाली. मग उठली, कुंपणापाशी गेली आणि शेजारच्या काकूंना हाक मारली, "अगो, इकडं ये. माझं छापून आलंय."

काकू आल्या, त्यांची सून आली. त्या दुपारी मला ते चार वेळा वाचावं लागलं, आणि दर वेळी आई पदर सावरून पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी बसत होती.