ब्राझील व्हाया शिळफाटा

डोंबिवलीहून निघताना आमच्या ह्यांनी गिटारला रजई गुंडाळली, रिक्षात मधोमध ठेवली आणि मला म्हणाले, "जरा सरकून बस." सरकले. इतक्या वर्षांच्या संसारात सवय झालीय.

गिटारची पाठ म्हणे ब्राझीलच्या शिसवाची. आल्यागेल्याला ह्यांनी हे ऐकवलेलं. आता आमची मुग्धा जर्मनीत लग्न करतेय आणि बाबांनी तिथे हीच गिटार वाजवायची, हा तिचा हट्ट. पण ब्राझीलचं शिसव संरक्षित. परवाना नसेल तर गिटार विमानतळावरच जप्त होते. देशी शिसवाच्या तयार वाद्याला ही अट नाही, हेही तिनेच चौकशी करून कळवलं. तेव्हापासून ह्यांना घास उतरेना. लाकूड देशी निघू दे म्हणून देवाला साकडं घातलं, बोला! गिटार घडवलेली कळव्याच्या नानांनी. त्यांनाच गाठायचं ठरलं.

शिळफाट्याला ट्रेलरांच्या रांगेत अडकलो. हे रजईला थोपटत होते. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, पोरगं आजारी आहे का. मी हो म्हणून टाकलं. पुढे त्याने एकेक खड्डा असा चुकवला की मुंब्र्याचा डोंगर कधी मागे पडला कळलंच नाही.

नानांकडे गरम घारगे (लाल भोपळ्याच्या गोड पुऱ्या) झाले होते. मी चार खाल्ले, ह्यांनी एकही नाही. नानांनी गिटार उलटी केली आणि खोकला येईपर्यंत हसले.

"सुधीर, ब्राझील कुठलं रे? आमचे जेवायचे देशी शिसवाचे पाट आहेत हे. घरात टेबल आलं, पाट माळ्यावर पडलेले."

"मग मला ब्राझील का सांगितलंत?"

"पाट म्हटलं असतं तर घेतली असतीस?"

मला हसू आवरेना. गिटार सुटली होती, पण ह्यांचं तोंड एवढंसं झालं. परतीच्या वाटेवर पारसिकची टेकडी दाखवली, खाडी दाखवली, तरी ढिम्म. ज्या पाटावर बसून लोकांनी भात ओरपला तो मी आयुष्यभर छातीशी धरला, एवढंच पुटपुटले. मला हसूही येत होतं आणि माणसाची कीवही.

घरी येऊन मुग्धाला फोन लावला. ह्यांनी पडेल आवाजात सगळं सांगितलं.

"बाबा, अंतरपाटाचं कापड मी इथेच आणलं. पण नवरीला उभं राहायला पाट कुठून आणू, तेच कळत नव्हतं. तुमच्या गिटारच्या पाटावर उभी नाही राहणार. तुम्ही फक्त तो घेऊन शेजारी उभे राहा."

ह्यांनी गिटार पुन्हा रजईत गुंडाळायला घेतली. मीच फोन घेतला आणि म्हटलं, आणतो गं.