मागच्या सीटवरचा वारा

गोरक्षचं आयुष्य गुलाबाला पाणी भरण्यात गेलं होतं. जवळच्या सरीचं तोंड मातीनं बुजवलं की पाणी लांबच्या सरीत जातं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार चारच्या मे महिन्यात, ऑपरेशन झालेल्या बायकोला, साळूबाईला, जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर निजवून तो गंगापूर रोडनं घरी निघाला. एसी चालू होता, तरी ती घामानं भिजली होती. तिच्यापर्यंत गारवा जावा म्हणून त्यानं पुढच्या, वारा सोडणाऱ्या चारही जाळ्या बंद केल्या.

“आला का गं वारा?”

“कुठला वारा!”

वारा त्याच्याच पायांवर येत होता. त्यानं वाऱ्याची दिशा बदलायचं बटण फिरवलं, तर तो समोरच्या काचेवर गेला. गोरक्ष गोंधळला.

“अहो, गाडी हाय ही, वाफा नाय! उघडा ते सगळं, जीव घुसमटतोय.”

त्यानं जाळ्या उघडल्या. बायको तळमळत असताना आपल्या तोंडावर गारवा घ्यायची लाज वाटली, म्हणून मधल्या दोन छताकडे वळवल्या. गारवा छताला लागून मागं सरकू लागला, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. थोड्या वेळानं मागून साळूबाईचं संथ घोरणं ऐकू आलं.

पुढचं सगळं मोकळं सोडल्यावर वारा मागं पोचलाच कसा, हे त्याला काही केल्या उमगेना. घर येईपर्यंत त्यानं बटणाला हात लावला नाही.